बार्नाकने चौकट दुप्पट केली तेव्हा

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर साकोली मागे टाकली की काही वेळाने कोहमारा लागते. गोंदियाकडून आलेला रस्ता येथे महामार्ग ओलांडतो आणि दक्षिणेला नवेगावबांधकडे जातो. हिवाळ्यात नवेगावच्या तलावावर बदके उतरू लागली की आम्ही काही शिक्षक सुट्टीच्या दिवशी पहाटे या फाट्यावर जमतो, चहा घेतो आणि पुढे निघतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी आमच्यातील विज्ञानाच्या एका सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवत एक प्रश्न टाकला. त्यांनी तीन वर्षे पैसे साठवले होते. जुना लहान संवेदकाचा कॅमेरा बाजूला ठेवून आता ते फुल फ्रेम कॅमेरा घेणार होते. जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेले १८ ते ५५ चे झूम भिंग नव्यावर पुरेसे पडणार नाही, हे त्यांनी वाचले होते. म्हणून झूमच्या भानगडीत न पडता एक-दोन चांगली प्राइम भिंगे घ्यावीत असा त्यांचा विचार होता. प्राइम म्हणजे ज्याचे नाभीय अंतर ठरलेले असते, बदलता येत नाही, असे भिंग.

"पण कोणती घेऊ? आणि दुकानदार म्हणतो, फुल फ्रेम घेतला की पक्षी मोठे येतात. हे खरे का हो?"

उत्तर द्यायला आम्ही सगळेच पुढे सरसावलो आणि सगळ्यांची उत्तरे वेगळी निघाली. भिंगांचे धडे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. तरीही साध्या प्रश्नावर आमची दांडी गुल झाली. घरी आल्यावर आम्ही हा विषय मुळापासून पाहायचे ठरवले. मुळाशी गेल्यावर जे हाती लागले ते असे की, सरांची अडचण नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतील एका कारागिराला नेमकी हीच अडचण आली होती, आणि आज बाजारात दिसणारी प्राइम भिंगे त्या अडचणीतूनच वाढलेली आहेत.

'फुल' म्हणजे कशाच्या मानाने?

फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या संवेदकाची लांबी ३६ मिलिमीटर आणि रुंदी २४ मिलिमीटर असते. याला 'पूर्ण' का म्हणायचे? निसर्गात असे कोणतेही माप पूर्ण नाही.

छायाचित्रणाच्या आरंभी, १८३९ मध्ये, दागेरने जी तांब्याची पत्री वापरली ती साधारण १६५ × २१६ मिलिमीटर होती. तिलाच पुढे फुल प्लेट म्हणू लागले. तिची अर्धी ती हाफ प्लेट, पाव ती क्वार्टर प्लेट. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंत हे शब्द रूढ होते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळीतील नावाजलेले छायाचित्रकार. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार तेथून शिकून बाहेर पडले. त्या काळी काचेच्या जेवढ्या आकाराच्या पत्रीवर चित्र घ्यायचे, तेवढाच कागदावरचा छाप मिळे, कारण छाप पत्रीला कागद चिकटवून काढला जाई. मोठे चित्र हवे तर मोठी पत्री, मोठा कॅमेरा आणि तो वाहायला माणूस हवा.

आता उलट बाजूने पाहू. आमच्यापैकी अनेकांच्या घरी आगफा क्लिक थ्री नावाचा काळा डबा-कॅमेरा होता. तो भारतातच, बडोद्याला तयार होत असे. त्यात १२० नंबरचा रोल घातला की बारा चौकोनी फोटो निघत. प्रत्येक फोटोची निगेटिव्ह साधारण ५६ × ५६ मिलिमीटर, म्हणजे ३१३६ चौरस मिलिमीटर. आजच्या फुल फ्रेमचे क्षेत्रफळ २४ × ३६, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. याचा अर्थ, ज्या डब्याला कोणी महागडा कॅमेरा म्हटले नाही, त्याची चौकट आजच्या 'पूर्ण' चौकटीच्या साडेतीन पटीहून मोठी होती! तेव्हा फुल हा शब्द तुलनेचा आहे. ती तुलना कोणत्या मापाशी आहे, हे पाहायला हवे.

पस्तीस मिलिमीटरची पट्टी

ते माप आले सिनेमातून. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनच्या कारखान्यात वळणारी, पारदर्शक फिल्म तयार होऊ लागली होती. एडिसनच्या प्रयोगशाळेतील विल्यम डिक्सनने १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म उभी चिरून ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या केल्या. पट्टीच्या दोन्ही कडांना भोके पाडली आणि प्रत्येक चित्राला चार भोके असा हिशोब ठेवला. भोकांमधल्या जागेत मावणारे चित्र साधारण १८ × २४ मिलिमीटरचे झाले. १९०९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ३५ मिलिमीटर ही रुंदी सर्वमान्य झाली.

या पट्टीशी मराठी माणसाचा संबंध फार जुना आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मुंबईचे व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांनी पुढे इंग्लंडहून चित्रपटाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली.

दादासाहेब फाळके तर आधीपासूनच छायाचित्रकार होते. ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोड्या थोड्या अवकाशाने एकेक चौकट घेत टिपली. पडद्यावर ती सलग दाखवली तेव्हा काही क्षणांत रोप उगवून वर आले. 'अंकुराची वाढ' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. जीवशास्त्राच्या कोणत्याही शिक्षकाने हेवा करावा असा तो पाठ आहे! त्या काळी कोरी फिल्म भोके न पाडताच येत असे. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांसमोर आला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच तयार केला.

सरस्वतीबाईंनी पाडलेली ती भोके क्षणभर डोळ्यांपुढे आणा. चौकटीची रुंदी आणि उंची त्या भोकांनी ठरवली होती. प्रकाशशास्त्राने नव्हे. आजचा संवेदक डिजिटल आहे, त्याला भोके नाहीत आणि पट्टीही नाही. तरी त्याची २४ मिलिमीटरची बाजू म्हणजे एडिसनच्या पट्टीवर भोकांमध्ये उरलेली जागा होय.

बार्नाकची अडचण

आता जर्मनीतील वेट्झलर गावी जाऊ. तेथे अर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक तयार करण्याचा कारखाना होता. त्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कुशल यंत्रकार १९११ मध्ये नोकरीस लागला. त्याला छायाचित्रणाचा छंद होता आणि दमाही होता. जंगलात फिरताना काचेच्या पत्र्यांचा जड कॅमेरा वाहून नेणे त्याला झेपत नसे. त्याच्या मनात आले, निगेटिव्ह लहान घ्यावी आणि छाप काढताना ती मोठी करावी.

लहान निगेटिव्हसाठी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आयती उपलब्ध होती. पण १८ × २४ ही चौकट त्याला फारच लहान वाटली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते. बार्नाकने ती आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली. १८ ची दुप्पट ३६. दुसरी बाजू २४ च राहिली. अशी २४ × ३६ ची चौकट जन्माला आली. त्याचा पहिला नमुना १९१३-१४ चा, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्याच वेळचा.

आणि येथेच ती अडचण आली. बार्नाकने आधी सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेले त्साइस कंपनीचे टेसार भिंग लावून पाहिले. भिंग गोल असते, म्हणून त्याने पाडलेली प्रतिमाही वर्तुळाकार असते. चौकट त्या वर्तुळात संपूर्ण बसायची तर वर्तुळाचा व्यास निदान चौकटीच्या कर्णाएवढा हवा. १८ आणि २४ बाजूंचा कर्ण पायथागोरसच्या नियमाने बरोबर ३० मिलिमीटर येतो. २४ आणि ३६ चा कर्ण मात्र ४३.३ मिलिमीटर. तीस मिलिमीटरच्या चौकटीसाठी आखलेल्या भिंगाचे चांगले वर्तुळ ४३ मिलिमीटरच्या चौकटीला अपुरे पडले. कडा आणि कोपरे बिघडले.

बार्नाकने नमुन्यावर लाइट्झचेच ४२ मिलिमीटरचे दुसरे भिंग बसवून वेळ निभावली. पण लहान निगेटिव्ह मोठी करायची तर ती कोपऱ्यापर्यंत रेखीव हवी. त्यासाठी याच चौकटीकरिता गणित करून भिंग घडवणे भाग होते. ते काम कारखान्यातील प्रकाशशास्त्रज्ञ माक्स बेरेक याने केले. त्याने ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ ३.५ छिद्राचे भिंग आखले. आधी त्यात पाच काचा होत्या. नव्या जातीची काच मिळाल्यावर त्याने ते चार काचांत बसवले. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका हा कॅमेरा लोकांपुढे आला. १९३० मध्ये त्याची भिंगे बदलण्याची सोय झाली, आणि ५० च्या जोडीला ३५ व १३५ मिलिमीटरची भिंगे मिळू लागली. पिशवीत दोन-तीन प्राइम भिंगे घेऊन हिंडणाऱ्या छायाचित्रकाराची परंपरा तेथून सुरू झाली.

आता आमच्या सरांकडे परत या. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा संवेदक साधारण १५.६ × २३.५ मिलिमीटरचा आहे. त्याचा कर्ण २८.२ मिलिमीटर. नव्याचा ४३.३. गुणोत्तर दीडपट. बार्नाकने ३० वरून ४३.३ वर उडी मारली; आमचे सर २८.२ वरून मारत आहेत. जुने १८-५५ चे झूम नव्या कॅमेऱ्यावर लावले तर कोपरे काळे पडतील, किंवा कॅमेरा स्वतःच मधला भाग तेवढा वापरील. बार्नाकची अडचण, दुसरे काय!

काचांचे गणित

भिंगाचे वर्तुळ मोठे करायचे, ते कडेपर्यंत रेखीव ठेवायचे आणि त्यातून भरपूर उजेडही आत घ्यायचा, या तिन्ही मागण्या एकमेकींशी भांडतात. प्राइम भिंगांचा इतिहास म्हणजे या भांडणातील तडजोडींचा इतिहास आहे.

आरंभीच्या कॅमेऱ्यांवर शेव्हालियेचे साधे जोडभिंग असे. ते एफ १५ च्या आसपास, म्हणजे अगदी लहान छिद्र ठेवूनच वापरता येई. व्यक्तीचे चित्र घ्यायचे तर तिला कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणित मांडून एफ ३.६ चे भिंग आखले. आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील हिशोबनीस सैनिक मदतीला देण्यात आले होते. उजेड किती वाढला? छिद्राच्या आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा: १५ भागिले ३.६ म्हणजे साधारण ४.२, त्याचा वर्ग सुमारे १७. सतरा पट उजेड! मात्र हे भिंग मध्यभागी रेखीव आणि कडेला धूसर असे. चेहऱ्यासाठी ते चालले, इमारतीसाठी नाही.

१८९३ मध्ये इंग्लंडमध्ये डेनिस टेलर यांनी दाखवून दिले की सुट्या तीनच काचांत, दोन बहिर्वक्र व मधली अंतर्वक्र, भिंगाचे बहुतेक दोष आवरता येतात. १९०२ मध्ये त्साइसच्या पाउल रुडॉल्फ यांनी चार काचांचे टेसार काढले. याच रुडॉल्फ यांनी त्याआधी, १८९६ मध्ये, मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या रचना ठेवून सहा काचांचे प्लानार आखले होते. दोन्ही बाजू सारख्या असल्या की एका बाजूचे काही दोष दुसरी बाजू भरून काढते. प्लानार सरस होते. तरीही पुढची चाळीस वर्षे ते मागेच राहिले. असे का व्हावे?

कारण साधे आहे आणि वर्गात सांगण्याजोगे आहे. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के उजेड परावर्तित होतो. खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो तो याचमुळे. प्लानारमध्ये अशा आठ सीमा होत्या. ०.९६ ला आठ वेळा गुणा: ०.७२ येतात. म्हणजे २८ टक्के उजेड वाया. वाया गेलेला उजेड बाहेर गेला असता तर एकवेळ चालले असते. पण त्यातला काही काचांमध्ये इकडून तिकडे उड्या मारत फिल्मवर पोचे आणि चित्रावर पांढुरके सावट येई.

यावरचा उपाय सापडला तो मळलेल्या भिंगांत. टेलर यांच्या १८९० नंतरच्या दशकातच लक्षात आले होते की, जुनी, हवेने डागळलेली भिंगे नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त उजेड आत घेतात. दुकानात कोणी घेणार नाही अशी भिंगे प्रत्यक्षात सरस! काचेवर आपोआप चढलेला तो पातळ थर परावर्तन कमी करीत होता. १९३५ मध्ये त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात काचेवर असा थर मुद्दाम चढवण्याची रीत काढली. थराची जाडी त्यातील प्रकाशलहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश ठेवली, की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. भिंगावर तिरपे पाहिल्यावर जी जांभळट-हिरवट झाक दिसते ती या थराची.

थर आला आणि प्लानारच्या रचनेला दिवस चांगले आले. आज कोणत्याही कंपनीचे ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग स्वस्त मिळते, ते बहुधा याच रचनेच्या घराण्यातले असते. फुल फ्रेमच्या भिंगांत ते सर्वांत स्वस्त असूनही चांगले का, याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांच्या या तालमीत आहे.

झूम आले, चौकट आकसली

१९५९ मध्ये फोक्टलेंडर कंपनीने ३६ ते ८२ मिलिमीटरचे झूम भिंग स्थिर छायाचित्रणासाठी बाजारात आणले. हळूहळू झूम सुधारले, स्वस्त झाले आणि प्राइम मागे पडले. सोयीची किंमत उजेडात मोजावी लागते. कॅमेऱ्याबरोबर येणारे झूम लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ चे असते. एफ १.८ चे प्राइम त्याच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. ट्यूबलाइटच्या उजेडात, वर्गात मुले प्रयोग करत असताना, हा दहापट फरक म्हणजे रेखीव हात आणि हललेला हात यांतला फरक असतो.

डिजिटल युग सुरू झाले तेव्हा चौकटच लहान झाली. संवेदक सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवतात. चकतीवर कुठेतरी सूक्ष्म दोष असतातच. तुकडा जितका मोठा तितका त्यात दोष सापडण्याचा संभव जास्त, आणि तुकडे मुळातच कमी निघतात. म्हणून २४ × ३६ चा संवेदक फार महाग पडे. १९९९ मध्ये आलेल्या निकॉन डी १ मध्ये सुमारे १५.५ × २३.७ मिलिमीटरचा संवेदक होता. छायाचित्रकारांजवळची जुनी भिंगे मात्र २४ × ३६ साठी आखलेली. त्यांच्या प्रतिमेचा कडेचा भाग संवेदकाबाहेर पडू लागला. तेव्हा ज्या संवेदकावर जुनी चौकट पूर्ण मावते त्याला फुल फ्रेम हे नाव पडले. २००२ मध्ये कॅननचा वन-डी-एस आला, २००५ मध्ये तुलनेने स्वस्त असा फाइव्ह-डी, आणि २०१३ मध्ये सोनीने आरसा नसलेला फुल फ्रेम कॅमेरा काढला.

या शेवटच्या घटनेने एक जुने दार उघडले. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगाची बैठक आणि फिल्म यांत ४६.५ मिलिमीटर अंतर असे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत ते १६ ते २० मिलिमीटरच असते. मधल्या फरकाएवढी कडी बसवली की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालते. गावोगावच्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांत पडून राहिलेली ५० मिलिमीटरची भिंगे त्यामुळे पुन्हा आपला मूळचा दृश्यकोन दाखवू शकतात. फक्त घेण्यापूर्वी विजेरी लावून आरपार पाहावे. पूर्व विदर्भातील पावसाळ्यात भिंगांना आतून बुरशी लागते, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ते भिंग सोडून द्यावे.

पक्षी मोठा येतो का?

आता दुकानदाराच्या दाव्याकडे वळू. प्रयोगशाळेतील १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घ्या. वर्गात अंधार करून एका खिडकीतून बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. झाड ५ मीटर उंच आणि २५ मीटर दूर असेल, तर प्रतिमा १०० × ५ भागिले २५, म्हणजे २० मिलिमीटर उंचीची येते. आता काळ्या पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापा, एक २४ × ३६ मिलिमीटरची आणि एक १६ × २४ ची. आळीपाळीने त्या प्रतिमेवर ठेवा. मोठ्या खिडकीत झाड पूर्ण मावते. लहान खिडकीत ते कापले जाते. पण पट्टी लावून मोजा, झाडाची प्रतिमा दोन्ही वेळा २० मिलिमीटरच! चौकट बदलल्याने भिंगाचे काम बदलत नाही. बदलते ते फक्त आपण त्यातून किती कापून घेतो ते.

हेच गणित पक्ष्याला लावू. गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत दिसणारा सारस सुमारे दीड मीटर उंच धरू. तो ७५ मीटर अंतरावर आहे आणि आपले भिंग ३०० मिलिमीटरचे आहे. प्रतिमा येते ६ मिलिमीटर. जुन्या कॅमेऱ्याची चौकट १५.६ मिलिमीटर उंच. सारस तिच्या ३८ टक्के उंची व्यापतो. नव्या चौकटीची उंची २४. तो पाव उंचीच व्यापतो. दोन्ही संवेदकांवर बिंदूंची संख्या सारखी असेल, तर नव्या कॅमेऱ्यात पक्ष्याच्या वाट्याला पूर्वीच्या ४२ टक्केच बिंदू येतात. म्हणजे पक्षी मोठा तर येत नाहीच, उलट चौकटीत लहान दिसतो. पूर्वीइतका दिसायला ४६० मिलिमीटरचे भिंग हवे, आणि त्याची किंमत कॅमेऱ्याहून जास्त असू शकते.

या चुकीची किंमत पैशांतच भागली तर ठीक. आम्हांला भीती वेगळीच वाटते. चौकटीत पक्षी लहान दिसू लागला की माणसाचे पाय आपोआप पुढे पडतात. सारस पावसाळ्यात, धान उभे असताना, बांध्यांत घरटे करतो. महाराष्ट्रात त्याची वस्ती मुख्यतः याच जिल्ह्यात उरली आहे आणि ती फार थोडी आहे. जवळ गेलेल्या माणसाला पाहून जोडी घरट्यावरून उठली, की अंडी उघडी पडतात. भिंगाच्या नाभीय अंतरातली तूट पायांनी भरून काढायची नसते.

मग घ्यावे काय?

फुल फ्रेमचा फायदा दुसरीकडे आहे. तेवढेच छिद्र आणि तेवढाच वेळ ठेवला तर संवेदकाचे क्षेत्रफळ २.३६ पट असल्याने एकूण उजेडही तितक्या पट गोळा होतो. संध्याकाळचा तलाव, आठवडी बाजार, दिव्याखालचा वर्ग, माणसांचे चेहरे, यांसाठी तो खरा उपयोगी आहे.

आम्ही सरांना आधी एक गृहपाठ दिला. जुन्या कॅमेऱ्याने काढलेले आवडते शंभर फोटो काढा. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा नाभीय अंतर नोंदवून ठेवतो, ते उतरवून घ्या आणि दीडने गुणा. १८ चे २७ होतात, ३५ चे ५२, ५५ चे ८२. बाजारातली जवळची प्राइम भिंगे अनुक्रमे २८, ५० आणि ८५. जिथे सर्वांत जास्त फोटो पडतील ते भिंग पहिले. फुल फ्रेमवर कर्णाच्या दिशेने ३५ मिलिमीटरचे भिंग सुमारे ६३ अंश पाहते, ५० चे ४७ अंश आणि ८५ चे २९ अंश. वर्गात मागे सरकायला जागा नसते, तेथे ३५ बरे. चेहऱ्यासाठी ८५ बरे, कारण त्याने माणसापासून थोडे दूर उभे राहता येते आणि नाक मोठे दिसत नाही. काय घ्यावे हे मुळीच सुचत नसेल तर बेरेकचे ५० घ्यावे. ते स्वस्त आहे आणि चुकले तरी फार चुकत नाही.

सरांनी शंभर फोटो मांडले. त्यांत ६१ पक्ष्यांचे निघाले, सगळे ७०-३०० च्या लांबच्या टोकाला घेतलेले. उरलेल्यांपैकी बहुतेक शाळेतले, ३५ च्या आसपासचे. सर बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पक्ष्यांना जुनाच कॅमेरा बरा होता की!"

त्यांनी जुना कॅमेरा विकला नाही. तो आणि ७०-३०० ही जोडी पक्ष्यांसाठी ठेवली. फुल फ्रेम घेतला, त्यावर एकच ५० मिलिमीटरचे भिंग घेतले आणि उरलेले पैसे बाजूला टाकले. यंदा त्या कॅमेऱ्याने त्यांनी शाळेतल्या मुलांचे, रोवणीच्या बायांचे आणि कोहमाऱ्याच्या फाट्यावर चहा पिणाऱ्या आम्हा सगळ्यांचे फोटो काढले आहेत. सारसाचे फोटो त्यांनी काढले ते बांधावर उभे राहून, लांबून, जुन्याच कॅमेऱ्याने.

पुठ्ठ्याच्या दोन खिडक्यांचा प्रयोग मात्र नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून पाहा. त्याला एक भिंग, एक पुठ्ठा आणि एक खिडकी एवढेच लागते.